माईकवरचं गाऱ्हाणं

कॉलेजच्या पोरांचा सामना असला की हल्ली मी माईक हातात घेत नाही. वाडीवाडीच्या मंडळांच्या कबड्डीला अजून बोलतो. पन्नाशी उलटली तरी गुडघ्याला पट्टा बांधून चढाईला निघणारे आमचे बुवा आहेत, त्यांची तर मी सालटी काढतो, आणि तेही दुसऱ्या दिवशी चहा पाजून मला चार शब्द परत देतात. पण कॉलेजचं आमंत्रण आलं की सरळ सांगतो, ‘दुसऱ्या कोणाक तरी बघा.’ लोकांना वाटतं माझा घसा गेला. घसा ठणठणीत आहे. मालवणच्या बंदरावर रोज सकाळी माशांचा लिलाव मी पुकारतो, आणि अजून मला भोंगा लागत नाही.

या आवाजामुळे दोन कामं माझ्याकडे न मागता आली. एक कबड्डीचं समालोचन आणि दुसरं गाऱ्हाणं. आमच्याकडे घराचा पाया घाला, मुलीचं लग्न ठरवा, मुंबईच्या चाकरमान्याला बढती मिळू दे, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावंच लागतं. एकानं ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून मोठ्यानं मागायचं, आणि तो श्वास घ्यायला थांबला की जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हे ‘व्हय म्हाराजा’ आमच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मांडीवरची पोरंसुद्धा म्हणतात. काय मागितलं ते कानात शिरायच्या आधीच तोंडातून बाहेर पडतं. चाळीस वर्षं गाऱ्हाणी घालतोय, हे मला चांगलं माहीत होतं.

तर तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या जरा आधी, बंदराजवळच्या मैदानात मुलींच्या कॉलेज कबड्डीचा अंतिम सामना होता. आमचं मालवणचं कॉलेज आणि समोर कुडाळकडचं. मैदान खच्चून भरलेलं. आमच्या संघात चढाईला होती देवबागची एक मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिचा बापूस माझा लहानपणापासूनचा दोस्त. आम्ही एकाच शाळेत एकाच मास्तरांचा मार खाल्ला. आता तो पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतो आणि घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. मुलगी पहाटे देवबागच्या वाळूत धावायची, घरातल्या खोल्या झाडून पहिल्या गाडीनं कॉलेजला यायची, संध्याकाळी सराव करून शेवटच्या गाडीनं परत. ती चढाईला आली की समोरच्या मुली एक पाऊल मागे घ्यायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तिचं कौतुकही माईकवरून मीच करत आलो होतो, हे कुणी विसरू नये.

शेवटची चढाई आली. आम्ही एका गुणानं पुढे. तिनं फक्त समोरच्या अंगणात जायचं, निदानरेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती आतली रेषा, ओलांडायची आणि परत यायचं, की संपला खेळ. समोर तीनच मुली उरलेल्या. तिघींनी मिळून पकडलं तर एकाऐवजी दोन गुण जातात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी माईकमध्ये ओरडतोय, ‘परत फिर गो, परत फिर!’ ती रेषा ओलांडून गेली, आणि परत फिरायचं सोडून कोपऱ्यातल्या मुलीला हात लावायला आत घुसली. कोपऱ्यातलीनं घोटा धरला, बाकीच्या दोघी अंगावर पडल्या. शिट्टी वाजली. दोन गुण गेले आणि एका गुणानं आम्ही हरलो.

‘आवशीचो घोव!’ हे माझे शब्द माईकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेले. माझं डोकंच फिरलं होतं. पाच वर्षांनी आमचं कॉलेज अंतिम सामन्यात आलेलं, ढोलवाले बोलावून ठेवलेले, आणि हे असं. लोक हळहळत उठायला लागले होते. मी खुर्चीवर चढलो आणि हात जोडले.

‘बा देवा म्हाराजा!’

मैदान क्षणभर गोंधळलं, मग उठता उठता थांबलं. ‘व्हय म्हाराजा!’

‘आज ह्या देवबागच्या चेडवाक भर मैदानात जी काय अवदसा आठवली...’

‘व्हय म्हाराजा!’

‘हातातलो सामनो नेवन दुसऱ्याच्या घशात घातल्यान...’

‘व्हय म्हाराजा!’

‘तर तेका एक तर अक्कल दी, नायतर कायमचा घरात बसव रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

असा हशा उसळला म्हणता! हरलेला सामना लोक विसरले. ती मुलगी तेव्हा मध्यरेषेवर उभी होती, कोपर सोललेलं, मान खाली. हे मला नंतर व्हिडिओत दिसलं. त्या वेळी मी तिच्याकडे बघत नव्हतो, लोकांकडे बघत होतो.

व्हिडिओ कुणी काढला देव जाणे. दुसऱ्या दिवशी लिलावाला उभा राहिलो तर मासे बाजूलाच राहिले, ज्याच्या त्याच्या मोबाईलवर माझं गाऱ्हाणं. मुंबईहून मेव्हण्याचा फोन आला, गोव्याहून भाच्याचा आला. कुणीतरी त्याला ढोल लावले होते, कुणी तिचा पडतानाचा तुकडा तीन तीनदा मागेपुढे फिरवून जोडला होता. खोटं कशाला सांगू, मी फुशारलो. उगाच दोन चकरा बाजारात जास्त मारल्या.

घरी बायको कोळंबी सोलत बसली होती. तिला व्हिडिओ दाखवला. तिनं शेवटपर्यंत बघितला आणि ती पुन्हा कोळंबीला लागली.

‘त्या चेडवाक पगार कोण देता?’ तिनं विचारलं.

‘कसलो पगार? कॉलेजात खेळता ता.’

‘मगे ता हरला म्हणान तुमचा काय गेला? तुमचो लिलाव बंद पडलो?’

‘तुका खेळातला काय कळता गो?’

‘खेळातला नाय कळणा. चेडवाचा कळता,’ ती म्हणाली, आणि कोळंबीचं भांडं उचलून आत गेली.

मी चिडलो. माझं म्हणणं साधं होतं. मैदानात उतरलात की लोक बोलणार. टाळ्या गोड लागतात ना, मग बोलणी पण खा. देशासाठी खेळणाऱ्यांनाही आपण टीव्हीसमोर बसून शिव्या घालतोच की. हे मी बायकोला ऐकू जाईल असं पडवीत बसून दोनतीनदा बोललो. आतून फक्त भांड्यांचा आवाज आला. उत्तर आलं नाही की माझा पारा आणखी चढतो.

चारपाच दिवसांनी कॉलेजच्या खेळाच्या मॅडम बंदरावर आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. लिलाव संपेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘काका, ती मुलगी सरावाला यायची बंद झाली आहे.’

मी रिकामी टोपली पायानं बाजूला सारली.

‘पुढच्या बुधवारी कुडाळला विद्यापीठाच्या संघाची निवड आहे. आमच्या कॉलेजातून निवड होईल अशी ती एकटी आहे. हे तिचं शेवटचं वर्ष. यंदा गेली नाही तर पुन्हा नाही.’

‘मॅडम, खेळायचं तर कातडी जरा जाड हवी,’ मी म्हणालो. ऑफिसातली, कॉलेजातली माणसं समोर आली की माझी भाषा शुद्ध होते, पण हेका तोच राहतो. ‘चूक केली ती केलीच ना तिनं?’

‘केलीच. रेषा ओलांडून परत यायला हवं होतं, हे मीच तिला त्या दिवशी सांगितलं. चांगली रागावले. तुम्हीही तेवढंच बोलला असतात तर मी इथे आले नसते.’ मॅडमचा आवाज चढला नव्हता. ‘गाडीत चढली की मागच्या सीटवरून कुणीतरी “बा देवा म्हाराजा” म्हणतं आणि अख्खी गाडी “व्हय म्हाराजा” म्हणते. मासळी बाजारात तेच. मोबाईलवर अनोळखी माणसं लिहितात, घरात बस. टीव्हीवरच्या खेळाडूंना तुम्ही बोलता, काका, पण ते देवबागच्या गाडीत नसतात.’

मॅडमचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं. कबूल करायला दोन दिवस लागले, एवढाच माझा स्वभाव. त्या दोन दिवसांत एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी देवाकडे मागितलं होतं, हिला घरात बसव. चेष्टेत का असेना, हात जोडून मागितलं होतं. आणि मुलगी घरात बसली होती. चाळीस वर्षांत इतक्या लवकर फळलेलं माझं गाऱ्हाणं हेच. मला भीती वाटली, खरीखुरी.

रविवारी देवबागला गेलो. ती पडवीत पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरींच्या घड्या घालत होती. कोपराला अजून खपली होती. मला बघून उठली.

‘येवा काका, बसा. बाबा होडीवर गेलेत, येतले आता.’ आत जाऊन पाणी घेऊन आली. तिनं तोंड फिरवलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर मला सोपं गेलं असतं. पाणी पिऊन मी सरळच म्हटलं, ‘मी चुकलंय गो बाय.’

तिनं एक चादर झटकली.

‘बाजारात माईक लावन सगळ्यांका सांगतंय, माजी चूक झाली म्हणान. देवळात नारळ ठेवन ता गाऱ्हाणा फिरवन घेतंय. पण तू निवडीक जा.’

‘नको काका.’ ती घाबरलीच. ‘परत माईकवर माजा नाव नको. आता खंय चार लोक इसारले आसत, तुमी परत आठवण करून दितलास.’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, जिथं बोललो तिथंच माफी मागितली की फिटलं. पण तिथं माफी मागणं म्हणजे पुन्हा मीच खुर्चीवर, पुन्हा तीच मध्ये उभी. मी विचारलं, ‘मगे काय करू, सांग.’

‘काय करू नकात. माका तुमचो राग येवक नाय. तुमी सगळ्यांकच बोलतास, ता माका म्हायत आसा. आत घुसलंय ती चूक माजीच. माका वाटला, जमतला.’

एवढ्यात तिचा बापूस आला. गुडघ्यापर्यंत ओला, खांद्यावर दोरी. माझ्याकडे बघून नेहमीसारखा हसला, ‘कधी इलंस रे?’ आणि दोरी खाली टाकून पायरीवर बसला. मी कशाला आलोय ते त्याला ठाऊक असावं. तो मुलीला म्हणाला, ‘बघ, एवढो मोठो माणूस चुकी मान्य करता. आता तरी हट्ट सोड. बुधवारी जा कुडाळाक.’

तिनं घडी अर्धी सोडली. बापाकडे न बघता मला म्हणाली, ‘काका, बाबांनी पण म्हटल्यानी.’

‘काय म्हटल्यानी?’

‘व्हय म्हाराजा.’

मला क्षणभर कळलंच नाही. मग आठवलं. तो मैदानात होता. असणारच, मुलीचा अंतिम सामना, होडी बंद ठेवून आला होता. व्हिडिओत माझ्या खुर्चीच्या डाव्या अंगाला पहिल्याच ओळीत तो उभा आहे. इतक्यांदा मी तो व्हिडिओ बघितला आणि प्रत्येक वेळी मलाच बघितलं.

‘अगो, ता तोंडातसून आपसूक येता,’ तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम उतरला होता. ‘गाऱ्हाणा घातल्यार माणूस म्हणताच. माका काय कळला पण नाय, ह्यो काय बोलता ता. तुका घरात बसव म्हणान मी देवाकडे मागीन?’

‘माका म्हायत आसा, बाबा,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. ‘पण मगे तुमी हसलास.’

तो ओल्या दोरीचा पीळ उलगडत राहिला.   तिनं चादरीची घडी पुरी केली, सगळ्या चादरी छातीशी धरल्या आणि पाहुण्यांच्या खोलीत ठेवायला गेली. उठताना मी विचारलं, ‘निवडीक जातलंस मा?’

‘बघतंय,’ ती आतून म्हणाली.

बुधवारी मी लिलाव दुसऱ्याला सोपवला आणि कुडाळला गेलो. कुणाला सांगितलं नाही, मांडवाच्या मागच्या बाजूला उभा राहिलो. मुली येत होत्या, बूट बांधत होत्या, आपापल्या मॅडमभोवती घोळका करत होत्या. मालवणची गाडी आली, मी उतरणारी तोंडं एक एक करून बघितली. ती नव्हती. पुढच्या गाडीला तासभर होता. ती गाडीही आली, तिच्यातूनही ती उतरली नाही. नावं पुकारायला सुरुवात झाली, तेव्हा माझे हात मी नकळत जोडले होते. तिचं नाव पुकारलं, थांबले. पुन्हा पुकारलं. मॅडम उठून रस्त्यापर्यंत जाऊन बघून आल्या. तिसऱ्यांदा पुकारलं आणि मग पुढचं नाव घेतलं.

परतताना कुडाळच्या स्टँडवर मला रडू कोसळलं. साठीला आलेला बाप्या, गाडीची वाट बघत खांबाकडे तोंड करून रडतोय. एका बाईनं विचारलं, ‘कोणी गेला काय हो?’ मी नाही म्हणून मान हलवली.

आता कुणी मला विचारलं की कॉलेजच्या पोरांवर चारचौघांत टीका करावी की नाही, तर मी एकदम ‘करू नये’ असंही म्हणत नाही. पकड चुकली तर चुकली म्हणा. तोंड बंद ठेवून खेळ बघायचा तर आम्ही मालवणी लोक मैदानात जाणारच नाही. पण ती पोरं आपली ताबेदार नाहीत. गाडीभाडं त्यांचं, बूट त्यांचे, गुडघे त्यांचे, आणि संध्याकाळी परत त्याच वाडीत यायचं. त्यांच्या खेळाबद्दल बोलता बोलता आपण त्यांच्याबद्दल कधी बोलायला लागतो ते माईक हातात असलेल्याला कळत नाही, कारण समोरचे हसत असतात. मला तरी कळलं नाही, आणि पुन्हा कळेल याची खात्री नाही. म्हणून मी जात नाही.

तिनं परीक्षा दिली, पास झाली. आता देवबागलाच पाण्यातल्या खेळांच्या तिकिटांच्या टेबलावर बसते. भेटली की ‘काका, बरे आसास?’ विचारते, मनापासून विचारते. बापाशी नीट बोलते, त्याचं जेवणखाण बघते. बाहेरून बघणाऱ्याला त्या घरात काही बिघडलंय असं वाटणार नाही. कबड्डीचा विषय निघाला की ती उठून काहीतरी आणायला जाते.

यंदा नारळी पौर्णिमेला देवबागच्या लोकांनी गाऱ्हाणं घालायला मला बोलावलं. दुपारची वेळ, खाडीच्या तोंडाशी सगळी वाडी जमलेली, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. ती बायकांत उभी होती. मी नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली, ‘बा देवा म्हाराजा, दर्याच्या राजा...’

‘व्हय म्हाराजा!’ सगळे म्हणाले. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, जरा मागून, एकट्याचा आवाज आला, ‘व्हय म्हाराजा.’

मला वाटलं कुणाचा तरी घोटाळा झाला. ‘आज ही जी काय तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमली आसत, तेंचो सांभाळ कर म्हाराजा!’ पुन्हा सगळे एकदम, आणि पुन्हा तो एक आवाज मागून. तिसऱ्या वेळी पोरं फिदीफिदी हसायला लागली. तिचा बापूस होता. हात जोडून, माझ्या तोंडाकडे टक लावून उभा. पूर्ण गाऱ्हाणं होईपर्यंत तो तसाच एकटा, मागून म्हणत राहिला.

प्रसाद घ्यायला आला तेव्हा मी हळूच विचारलं, ‘काय रे, आयकाक कमी येता काय आता?’

‘नाय,’ तो म्हणाला. ‘आता आधी आयकतंय, तू काय मागतंस ता. मगे म्हणतंय.’

मी त्याच्या हातावर खोबरं ठेवलं. त्यानं त्यातला अर्धा तुकडा मोडला आणि बायकांच्या बाजूला उभ्या असलेल्या मुलीला द्यायला गेला.